पावसाळा लागला की मिनीडिस्क ‘नो डिस्क’ दाखवते: लेन्सला हात लावण्याआधी हे बघा

मृग लागून आठ-दहा दिवस झाले की माझ्या मिनीडिस्क प्लेयरचं दुखणं सुरू व्हायचं. डिस्क घातली, झाकण मिटलं, डिस्प्लेवर ‘टीओसी रीडिंग’ (म्हणजे डिस्कवरची सूची वाचतोय) आलं, आतून दोन-तीनदा टिकटिक झाली, डिस्क अर्धवट फिरली आणि थांबली. मग ‘नो डिस्क’. परत उघडून घातली तर कधी चालायची, कधी नाही. आषाढात तर दहातल्या नऊ वेळा नाहीच. गणपती येईपर्यंत थोडी सुधारणा आणि दिवाळीला ठणठणीत. सलग चार वर्षं हेच चाललं होतं.

ज्यांच्या घरी असं मशीन कपाटात पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खानापूर, जांबोटी, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात ही मशीन दुकानातून विकत घेतलेली मी तरी बघितली नाहीत. ती आली आखातातून सुट्टीला येणाऱ्यांच्या बॅगेतून, नाहीतर गोव्याकडच्या बोटीवर काम करणाऱ्या पाहुण्यांकडून. माझं मशीन मामांनी 2002 च्या दिवाळीत मस्कतहून आणलं. त्याच सुट्टीत त्यांनी कणकुंबीच्या बाजूला असलेल्या आमच्या आजोळी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. त्या डिस्कमुळे मी या मशीनच्या मागे लागलो. नाहीतर एवढ्या वर्षांनी कुणी एवढी खटपट करत नाही.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सोनीने मिनीडिस्क 1992 च्या शेवटी जपानात विक्रीला आणली. 64 मिलिमीटरची चकती, तिच्यावर प्लॅस्टिकचं चौकोनी कवच, आणि कॅसेटसारखं पाहिजे तेव्हा रेकॉर्ड करायची, पुसायची सोय. त्याच वर्षी फिलिप्स आणि मात्सुशिताची डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट आली होती, ती 1996 मध्ये संपलीसुद्धा. मिनीडिस्क जपानात टिकली, पण बाकीच्या जगात एमपीथ्री प्लेयर आल्यावर मागे पडली. सोनीने प्लेयर पाठवणं मार्च 2013 मध्ये थांबवलं आणि कोऱ्या डिस्क बनवणं फेब्रुवारी 2025 मध्ये. म्हणजे आता जे आहे तेवढंच आहे. बिघाड शोधताना हे डोक्यात ठेवून हात चालवायचा.

पहिलं काम दुरुस्तीच्याही आधीचं. डिस्कच्या कवचाच्या कडेला एक बारीक सरकती खिट्टी असते. ती सरकवून भोक उघडं करा. आता त्या डिस्कवर मशीनला काहीही लिहिता येणार नाही. मी हे इतक्या ठासून का सांगतोय, ते पुढे येईल. पण मशीन आजारी असताना किमतीची डिस्क खिट्टी बंद ठेवून आत घालू नका, आणि खरं तर घालूच नका. चाचणीला दुसरी, गेली तरी चालेल अशी डिस्क ठेवा.

तिसऱ्या वर्षी मी मशीन बेळगावात एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने एकदा डिस्क घातली, टिकटिक ऐकली आणि म्हणाला, “लेन्स गेलीय की ओ ह्याची. आता हे मिळतंय कुठं? ठेवा शोकेसात.” मी विचारलं, लेन्स गेली असेल तर दिवाळीला परत कशी येते? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पण प्रश्न डोक्यात बसला. मी उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन ऋतू बघून बंद पडत असेल तर पार्ट बदलायच्या आधी हवा बघायची, हे आमच्या कामातलं रोजचं आहे.

उत्तर मिळालं अथणीत. चौथ्या वर्षी जुलैत बहिणीकडे गेलो तेव्हा मशीन, डिस्क आणि सेल तसेच बॅगेत होते. खानापुरात त्या सकाळी सलग सहा वेळा ‘नो डिस्क’ आलं होतं. आमच्याकडे भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, आणि अथणीत रस्त्यावर धुरळा. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. पहिल्या दिवशी मशीन तिथेही चाललं नाही. मी ते झाकण उघडं टाकून तिच्या माळ्यावरच्या कोरड्या खोलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी डिस्क घातली आणि पहिल्याच झटक्यात वाजली. लेन्स तीच, लेझर तोच. तिथून परतलो ते ओलाव्याच्या मागे लागायचं ठरवूनच.

आता ओलावा नक्की कुठे नडतो, हे शोधायचं तर कान लागतो. झाकण मिटल्यावर मशीन साधारण कुठल्या क्रमाने काय करतं, ते कळलं की निम्मं निदान झालं. आधी लेझर आणि लेन्स बसवलेली छोटी गाडी स्क्रूसारखे आटे असलेल्या दांड्यावरून सरकत डिस्कच्या आतल्या कडेला जाते. तिथे एक बारीक स्विच दाबला गेला की मशीनला कळतं, गाडी जागेवर आली. मग लेझर पेटतो आणि लेन्स खालीवर होऊन फोकस शोधते, तीच ती टिकटिक. फोकस सापडला की डिस्क वेग घेते आणि सगळ्यात आतल्या पट्ट्यातली सूची वाचली जाते. हे सगळं दोन-चार सेकंदांत.

रात्री घर शांत झाल्यावर मशीन कानाला लावा. सुरुवातीलाच दात घसरल्यासारखा ‘कर्रर्र’ आवाज आला, तर गाडी अडकतेय किंवा तो आतला स्विच काम करत नाही. गाडी गुपचूप सरकली, टिकटिक झाली, पण डिस्क हललीच नाही, तर फोकस सापडत नाही. आणि डिस्क फिरायला लागली, वेग घेता घेता दमली, परत जोर केला, परत दमली, तर लेन्सकडे बघूसुद्धा नका. तो करंटचा प्रश्न आहे. माझ्या मशीनचा आवाज हा तिसरा होता. फोकसची टिकटिक ऐकून दुरुस्तीवाल्याने लेन्सवर खापर फोडलं, पण त्यानंतरचं दमणं ऐकायला तो थांबलाच नाही.

एक सोपी खूण अजून आहे. मशीनला अडॅप्टरची पिन असेल तर योग्य व्होल्टचा अडॅप्टर लावून बघा. किती व्होल्ट आणि धन टोक आत की बाहेर, हे मशीनच्या अंगावरच छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय काही खुपसू नका. अडॅप्टरवर डिस्क वाचली जाते आणि सेलवर नाही, असं झालं की गुन्हेगार सापडला: सेलचे कॉन्टॅक्ट.

हे मशीन चालतं एका पेन्सिल सेलवर. काहींत च्युइंगमच्या पट्टीसारखी चपटी रिचार्जेबल बॅटरी असते, ती तर जेमतेम 1.2 व्होल्टची. इथे थोडं गणित करू. समजा मोटर सुरू होताना 400 मिलिअँपिअर करंट ओढला गेला, आणि स्प्रिंग व सेल यांच्यामध्ये गंजामुळे अर्धा ओहम रोध तयार झाला. 0.2 व्होल्ट तिथेच खल्लास. मोटारसायकलच्या 12 व्होल्टमध्ये 0.2 कुणाच्या लक्षातही येत नाही, पण इथे मुळात भांडवलच दीड व्होल्टचं. मशीन चालू होतं, डिस्प्ले उजळतो, बॅटरीची खूणही भरलेली दिसते, कारण डिस्प्लेला लागतं कितीसं? नेमकी मोटरने उचल खाल्ली की व्होल्टेज ढासळतं.

मी मल्टिमीटरची एक पिन सेलच्या बुडाला आणि दुसरी स्प्रिंगच्या सोल्डर केलेल्या शेपटीला लावून डिस्क घातली. या दोन बिंदूंमध्ये जवळपास शून्य दिसायला हवं. मला दिसले 0.31 व्होल्ट. भिंग घेऊन बघितलं तर स्प्रिंगचं पहिलं वेटोळं, जिथे ते सेलला टेकतं, तिथे मोहरीच्या दाण्याएवढा काळपट-हिरवा ठिपका होता. बाकी सगळी स्प्रिंग चकचकीत. एवढ्या ठिपक्याने चार पावसाळे खाल्ले. कोरड्या हवेत तो थर आक्रसून कसाबसा करंट जाऊ देत असणार आणि ओल धरली की परत अडवत असणार, असा माझा अंदाज आहे.

साफ करायची पद्धत अशी. पांढरी भुकटी असेल तर ती अल्कलाइन सेल पाझरल्याची. तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा एक थेंब कापसाच्या काडीने लावा, फेस येऊन भुकटी सुटते. मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसा, म्हणजे आंबटपणा मागे राहत नाही. हिरवा किंवा काळा थर असेल तर शाळेतला साधा खोडरबर पातळ कापून त्याच्या कडेने घासा. पॉलिश पेपर अजिबात नको. स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा निघून गेला की आतलं लोखंड उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतं. सेलच्या झाकणाला पत्र्याची पट्टी असते तीही पुसा, तिथेही एक सांधा आहे हे लोक विसरतात. शेवटी स्प्रिंग अगदी हलक्या हाताने एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा. साफ केल्यावर माझ्याकडे 0.31 चे 0.03 झाले. त्या संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस होता आणि डिस्क वाजत होती.

पावसाळ्यात साध्या अल्कलाइन सेलऐवजी निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल घालावा हे माझं ठाम मत आहे. कागदावर तो 1.2 व्होल्टचा, म्हणजे कमी. पण लोड आल्यावर तो 1.2 ला धरून राहतो, अल्कलाइन मात्र अर्धा संपला की लोडखाली झुकतो. आणि काही झालं तरी मशीन महिनाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढा.

कर्रर्र आवाजवाल्यांसाठी. पाठीचे स्क्रू घड्याळजीकडे असतो तसल्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने काढा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर मशीनचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतलं काहीतरी फोडतो. आट्याच्या दांड्यावरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, त्यात धूळ बसते. ते अल्कोहोलने पूर्ण काढा आणि टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच नवीन, प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस लावा. स्विच अडकत असेल तर टूथपिकने वीस-तीस वेळा हळू दाबून सोडा, त्यावरचा थर घासला जातो. डिस्क आत आहे की नाही आणि खिट्टी उघडी की बंद, हे सांगणारेही असेच बारीक स्विच असतात. खिट्टी बंद असूनही ‘सेव्ह्ड’ (म्हणजे डिस्कवर लिहिता येणार नाही) दिसत असेल तर तिथे बघा. स्प्रेच्या डब्यातलं गंजावरचं तेल आत मारू नका, त्याचा धुका लेन्सवर बसतो.

आणि आता लेन्स. ती खरोखर दोषी असते तेव्हा एक खूण मिळते. कंपनीने गाणी भरून विकलेली डिस्क सीडीसारखी खळग्यांची असते, तिच्यावरून प्रकाश भरपूर परततो. आपण रेकॉर्ड करतो ती डिस्क चुंबकीय थराची, तिच्यावरून खूप कमी प्रकाश परततो आणि वाचायची खूणही नाजूक असते. विकतची गाण्यांची डिस्क नीट वाजते, रेकॉर्ड केलेली मात्र वाचली जात नाही, असं झालं तर लेन्स धुरकटली आहे किंवा लेझर थकला आहे. दोन्ही वाचल्या जात नसतील तर आधी वरची कारणं संपवा.

लेन्स साफ करताना सेल काढलेला हवा. हा लेझर डोळ्यांना न दिसणारा आहे, चालू मशीनमध्ये डोकावायचं नाही. आधी फोटोग्राफरकडचा रबरी फुगा घेऊन नुसती हवा मारा. भागलं नाही तर कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडी करा आणि आतून बाहेर गोल फिरवा, वजन न देता. लेन्स केसाएवढ्या बारीक तारांवर लोंबत असते. रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये तिच्या वरच्या बाजूला एक लवचीक पट्टी पुढे आलेली दिसेल, ते चुंबकीय हेड. ते वाकलं तर वाजणं चालू राहील, पण रेकॉर्डिंग कायमचं जाईल. हातावर चोळायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन लेन्सवर चिकटून राहतं. सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीवाल्यांसाठीच्या आतल्या सेटिंगमध्ये) शिरून लेझरची पॉवर वाढवायचे सल्लेही मिळतील. आधीचे आकडे लिहून न घेता तिथे काहीही बदललेलं मी तरी कुणाला माफ करणार नाही.

आता खिट्टीचं कारण. रेकॉर्डिंग करताना लेझर त्या जागेचा थर सुमारे 180 अंशांपर्यंत तापवतो आणि वरून हेड तिथे चुंबकीय दिशा ठरवतं. आवाज असा डिस्कवर कोरला जातो. पण कुठलं गाणं कुठून कुठपर्यंत, हे एका वेगळ्या सूचीत असतं, तिला यूटीओसी म्हणतात. आवाज म्हणजे शेत, सूची म्हणजे त्याचा उतारा. उतारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही, पण मशीनला ते शेत दिसत नाही, मालकच नाही म्हणून ते दुसऱ्याला देऊन टाकतं. रेकॉर्डिंग संपवून स्टॉप दाबल्यावर ‘डेटा सेव्ह’, मग ‘टीओसी एडिट’ लुकलुकतं, तेव्हा हा उतारा लिहिला जात असतो. त्या क्षणी सेलचा कॉन्टॅक्ट सुटला, तर तासाभराचं रेकॉर्डिंग डिस्कवर असूनही ‘ब्लँक डिस्क’ दिसतं. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या सप्ताहाची एक डिस्क अशीच गेली होती.

तुमच्या बाबतीत असं झालं असेल, तर त्या डिस्कवर पुन्हा रेकॉर्ड मात्र करू नका. खिट्टी उघडा आणि बाजूला ठेवा. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या डिस्कवर शेवटपर्यंत एकच ट्रॅक रेकॉर्ड करून, तिचा उतारा हरवलेल्या डिस्कवर लिहायचा, असा जुना उपाय आहे. मोड मात्र तोच हवा: साध्या मोडचं रेकॉर्डिंग असेल तर साधाच, एलपी 2 (जास्त वेळ मावणारा मोड) असेल तर एलपी 2. त्यासाठी झाकण उघडल्याचं मशीनला न कळू देता डिस्क बदलावी लागते आणि त्या वेळी खिट्टी बंद असावी लागते. म्हणून आधी दोन-तीन बिनकामाच्या डिस्कवर हात बसवा. काही यूएसबीवाल्या मशीनवर आता वेब मिनीडिस्क प्रो हा ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम वापरून हेच काम संगणकावरून करता येतं, जमत असेल तर तोच रस्ता धरा. भजनाची डिस्क मी जुन्या पद्धतीनेच परत आणली. सगळे अभंग एकाच लांबलचक ट्रॅकमध्ये आले, पण आले.

कॉन्टॅक्ट साफ करून प्रश्न सुटला तरी आपल्याकडची हवा बदलत नाही. मशीन आणि डिस्क मी आता रबरी कडेच्या घट्ट डब्यात ठेवतो, सोबत रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. 45 ते 50 टक्क्यांवर काटा राहिला की पुरे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून कोरडी करायची. तांदळात पुरून ठेवू नका, तांदळाची पूड झाकणाच्या फटीत जाते. चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं सुचवणारी मोठी माणसं घरात असतात. तिथे कोरडं असतं हे खरं, पण धूर लेन्सला ओलीइतकाच वाईट. आणि पावसातून गाडीवर भिजत आणलेलं मशीन घरी आल्या आल्या सुरू न करता, डिस्क काढून, झाकण उघडून दोन-तीन तास तसंच राहू द्या.

मशीन चालू झालं की पहिल्याच आठवड्यात डिस्कची कॉपी काढा. सोनीचं 2006 चं एमझेड आरएच वन हे मॉडेल असेल तर जुनी रेकॉर्डिंगही यूएसबीवरून थेट संगणकात जातात. बाकीच्यांनी लाइन आउटची वायर लावून वाजवत रेकॉर्ड करावं, 74 मिनिटांच्या डिस्कला 74 मिनिटं. मध्ये बटणं दाबू नका, सेल नवा चार्ज केलेला असू द्या, आणि कॉपी पूर्ण झाली का हे शेवटपर्यंत ऐकून बघा. आजीच्या डिस्कवर 41 व्या मिनिटाला अंगणातला कोंबडा आरवतो, जात्याची घरघर थांबते, बांगड्या वाजतात, ती त्याला हुसकावते आणि पुढची ओवी तिथूनच धरते. मी कॉपी तपासायला बसलो की आधी तिथे जातो.